सांडपाणी म्हणजे नक्की कुठलं पाणी?

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीला महापालिकेची नोटीस आली, "पर्जन्यजल वाहिनीत सांडपाणी सोडू नये". सेक्रेटरींचं म्हणणं, सांडपाणी म्हणजे संडासाचं पाणी, बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचा पाइप पावसाच्या पाइपात सोडलाय त्याचा नोटिशीशी काय संबंध? बरोबर कोण, आणि जाता जाता, मलनिःसारण लिहायचं की मलनिस्सारण?

सेक्रेटरी चूक. आणि हे इतक्यांदा ऐकलंय की आता खरंच वैताग येतो, ठाण्यात तेच, वाशीत तेच, प्लंबरसुद्धा बिनधास्त सांगतात "साधं पाणी आहे, गटारात जाऊ दे". अहो, सांडपाणी हा शब्द घराघरात होता तो धुण्याभांड्याच्या आणि आंघोळीच्या पाण्यालाच! मोरीतून परसात जायचं आणि ज्यावर अळू, कर्दळ लावायचे ते पाणी. मैला त्यात नंतर आला, फ्लशचे संडास आले आणि सगळं एकाच बंद लाइनमधून जायला लागलं तेव्हा.

आता शब्द बघा, कारण उत्तर शब्दातच आहे. सांडणे म्हणजे आज आपण हातून सांडणं एवढंच धरतो, पण जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकणे, सोडून देणे. पसायदानात "जे खळांची व्यंकटी सांडो" आहे ना, तेच सांडणे, दुष्टांनी वाकडेपणा टाकून द्यावा. म्हणजे सांडपाणी हे सांडलेलं पाणी नाही, वापरून टाकून दिलेलं पाणी आहे. वॉशिंग मशीनचं पाणी यात बसतं की नाही तुम्हीच सांगा.

आणि याच्या मागे गेलं की खरी गंमत. संस्कृत छर्द्, प्राकृतात छड्ड आणि छंड, मराठीत सांड. छ चा स आपल्याकडे नेहमीचाच, मच्छ चा मासा झाला, प्राकृत पुच्छ म्हणजे विचारणे, त्यापासून पुसणे आलं. र्द चा ड गर्दभापासून गाढवापर्यंतच्या वाटेवर दिसतो, आणि मधेच अनुस्वार घुसतो तो पक्षाचा पंख होताना घुसला तसाच. आता आयुर्वेदात छर्दि म्हणजे काय? उलटी! पोटाने टाकून दिलेलं. भरतीला जोडून पाऊस आला आणि सखल सेक्टरात चेंबरचं झाकण उचलून पाणी वर आलं की लोक म्हणतात "चेंबर ओकतंय", त्यांना माहीत नसताना ते धातूचा मूळ अर्थच बोलत असतात. मला हे फार आवडतं.

काही मंडळी सांडणे हे स्यंद् म्हणजे वाहणे यातून काढतात आणि ठासून सांगतात. नाही हो. स्यंद् असतं तर सांद झालं असतं, चंद्राचा चांद झाला, चांड नाही झाला. आवाज जुळला की व्युत्पत्ती झाली असं नसतं, नाहीतर सांडशीपण यातच घालाल, ती संदंश वरून आलीये. सांडवा मात्र याच घरातला, मोरबे धरण भरलं की जादाचं पाणी जिथून सोडतात तो. आणि सांडपाण्याच्या बंद लाइनला इंग्रजीत म्हणतात ते स्युअर मुळात काय, तर जुन्या फ्रेंचमधे मासे पाळायच्या तळ्याचं जादाचं पाणी बाहेर काढणारा पाट, म्हणजे सांडवाच की! म्हणून माझं ठाम मत आहे की स्युअरला सांडवाहिनी म्हणायला हवं होतं, मलवाहिनी नाही. मल ऐकलं की लोकांच्या डोक्यात फक्त संडास येतो आणि तिथूनच हे सेक्रेटरी तयार होतात. खरं तर कपड्याचा मळ म्हणतो तो मळ म्हणजे मलच, मशीनमधून तोच तर निघतो.

गटार वेगळं. ते सरळ इंग्रजी गटर, लॅटिन गुट्टा म्हणजे थेंब यावरून, पागोळ्यांचं पाणी नेणारी पन्हाळ. म्हणजे गटार पावसाचंच, आणि नवी मुंबईत तर दोन्ही लाइनी वेगळ्या आहेत. पावसाची लाइन होल्डिंग पॉण्डमधून, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यातून, नाहीतर थेट खाडीत जाते, मधे कसलीही प्रक्रिया नाही, मलवाहिनी एसटीपीला म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला जाते. हा फरक कायदाही धरतो, 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांत कारखान्याचं पाणी मलवाहिनीत सोडायचं तर बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला 350 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, तेच नदीत सोडायचं तर 30, कारण मलवाहिनीच्या पुढे एसटीपी असतो असं धरलंय. तुमच्या बाल्कनीतला साबण मात्र तसाच ठाणे खाडीत, फ्लेमिंगोंच्या खाण्यात. 2022 पासून ती खाडी रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

राहिलं निःसारण. दोन्ही बरोबर, पाणिनीचं "वा शरि" सूत्र आहे, स च्या आधी विसर्ग ठेवा नाहीतर स् करा. चूक आहे ते बोर्डावरचं "मलनिसारण", आणि विसर्गाच्या जागी टाइप केलेला कोलन.