पहिल्या मीटिंगला जाण्यापूर्वी

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून महापे येथील एका कारखान्यात सुपरवायझर आहे. रोज संध्याकाळी पिणे होते आणि हल्ली सकाळी हात थरथरतात, म्हणून कामावर निघण्यापूर्वीही थोडी घ्यावी लागते. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगांबद्दल ऐकले आहे. त्या कशा शोधाव्यात? तिथे बोलावेच लागते का? आमच्या सेक्टरमधल्या कोणी पाहिले तर काय, ही धास्ती आहे. पत्नीने जेवणातून द्यायची एक पावडर मागवली आहे, ती घ्यावी का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : तुम्ही मीटिंगबद्दल विचारले आहे, परंतु हात थरथरतात आणि सकाळी घ्यावी लागते, हे तुम्ही लिहिले आहे, म्हणून आधी त्याविषयी. शरीराला दारूची इतकी सवय लागलेली असताना ती एका झटक्यात बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येणे, भास होणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून निश्चय कितीही पक्का असला, तरी घरच्या घरी अचानक थांबू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत. रोज किती पिता हे डॉक्टरांना खरे सांगा, कारण औषधांचे प्रमाण त्यावरच ठरते.

पावडर घेऊ नका. त्यात काय आहे हे विकणारा सांगत नाही. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरामसारखे औषध त्यात असले आणि ते पोटात असताना दारू घेतली, तर उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो. हे औषध रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. पत्नीची कळकळ खरी आहे. ती तिने तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे येऊन दाखवावी, असे मी सुचवेन.

आता मीटिंग. तुम्ही ऐकले आहे ते बहुधा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘एए’. अमेरिकेतील अक्रन येथे १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलू लागले आणि त्यातून हे काम उभे राहिले. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. भारतातील संकेतस्थळावर मीटिंगांची माहिती मिळते. जागा आणि वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. मराठी, हिंदी की इंग्रजी, हेही त्याच फोनवर विचारून घ्या, कारण मनातले बोलायला आपलीच भाषा लागते.

बोलण्याची सक्ती नसते. गोलाकार किंवा रांगेने मांडलेल्या खुर्च्या, बहुधा चहा, आणि एकेक जण स्वतःचे पहिले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणत आपली हकिगत मांडतो. बाकीचे मधे न बोलता, सल्ला न देता ऐकतात. तुमची पाळी आली की ‘आज मी फक्त ऐकतो’ एवढे म्हटले तरी चालते. शेवटी प्रार्थना असते, ईश्वराचा उल्लेखही असतो; पण तो ‘आपल्याला उमगेल तसा’, त्यामुळे नास्तिकांनाही अडचण पडू नये. वर्गणीची थैली फिरली, तर नवख्याने काहीच टाकले नाही तरी कोणी वावगे मानत नाही.

ओळखीचे भेटण्याची भीती मोठी असते हे मी जाणतो. बंद मीटिंगला फक्त ज्यांना दारू सोडायची आहे तेच येतात, तेव्हा तिथे दिसणारा शेजारी तुमच्यासारखाच आलेला असतो. तरीही सुरुवातीला कोपरखैरणे टाळून ट्रान्स-हार्बर गाडीने ठाण्याला जायचे असेल, तर खुशाल जा. पुढे मात्र अंतर पाहू नका, वेळ पाहा. कामाची पाळी सुटल्यापासून घरी पोहोचेपर्यंतचा वेळ तुमच्यासाठी सर्वांत घातक असणार, कारण पाय रोजच्या बारकडे वळतात तो हाच. त्याच वेळेत आणि त्याच वाटेवर बसणारी मीटिंग धरा. एक गट रुचला नाही म्हणून सगळेच सोडू नका, चार-पाच ठिकाणी बसून पाहा. मधेच पिणे झाले, तर लाजेने घरी बसू नका. दुसऱ्या दिवशी परत जा आणि तेच तिथे सांगा. ज्याचे बोलणे आपलेसे वाटले, त्याच्याकडे फोन नंबर मागायला संकोचू नका.

प्रश्न : माझे पती कुठेच यायला तयार नाहीत. मी एकटी गेले तर चालेल का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : अवश्य चालेल. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हे स्वतंत्र गट १९५१ पासून आहेत आणि तिथे जाण्यासाठी पतीने दारू सोडलेली असणे आवश्यक नाही. तिथे त्यांना सुधारण्याच्या युक्त्या मिळणार नाहीत. त्यांच्या वतीने ऑफिसला खोटी कारणे कळवणे, उधारी फेडणे यांतून बाहेर कसे यावे, हे त्याच वाटेने गेलेल्या बायकांकडून ऐकायला मिळेल. मुले किशोरवयीन असतील, तर अलाटीन गटाची चौकशी करा. घरात मारहाण होत असेल, तर मीटिंगची वाट न पाहता १८१ या महिला हेल्पलाइनवर, आणि तातडीच्या प्रसंगी ११२ वर, फोन करा.