कार्टर खरंच फेल अध्यक्ष होते का?

प्रश्न (सांगलीहून एक वाचक): अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर डिसेंबर 2024 ला वारले, शंभरी गाठून. तेव्हा जिकडेतिकडे एकच वाचलं, अध्यक्ष म्हणून फेल पण निवृत्तीनंतर माणूस ग्रेट. तुम्हाला पटतं का?

नाही पटत, आणि हे वाक्य वाचून वाचून आता वैताग येतो. 1980 च्या निवडणुकीत रेगनसमोर ते सपाटून हरले, 50 पैकी 6 राज्यं जेमतेम हाती लागली, हे खरंच आहे. महागाई दोन आकडी, पेट्रोलला रांगा, त्यात तेहरानमध्ये 52 अमेरिकन 444 दिवस ओलीस. सोडवायला हेलिकॉप्टरं पाठवली तर मोहीम वाळवंटातच फसली, 8 सैनिक गेले, मग कोण देणार परत मत? आणि ओलीस सुटले कधी, तर रेगननी शपथ घेतली त्याच दिवशी, काही मिनिटांत. नशीब म्हणतात ते हेच.

पण बाकीचं बघा ना जरा. 1978 ला कॅम्प डेव्हिडला, म्हणजे अमेरिकन अध्यक्षांच्या विश्रांतीच्या ठिकाणी, इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन, दोघं समोरासमोर आले की वादच, म्हणून 13 दिवस कार्टर स्वतः मसुदे घेऊन या केबिनमधून त्या केबिनमध्ये चकरा मारत होते. पुढच्या वर्षी शांतता करार झाला आणि त्यानंतर या दोन देशांत आजवर युद्ध नाही, ही काय छोटी गोष्ट आहे का? अमेरिकेच्या ताब्यातला कालवा पनामा देशाला परत द्यायचा करार सिनेटमध्ये 68-32 नी पास झाला, लागत होती 67, आणि हे मतं घालवणारं काम आहे हे माहीत असून केलं. महागाईचं तर अजूनच गंमतशीर, 1979 ला पॉल व्होल्करना फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेवर, नेमलं कार्टरनी, त्यांनी व्याजदर चढवले, त्याचे चटके कार्टरना बसले आणि महागाई उतरल्याचं क्रेडिट गेलं रेगनना. माझ्या मते फेल झाले ते राजकारणी म्हणून, प्रशासक म्हणून नाही.

प्रश्न (मुलुंडहून एक वाचक): त्यांची आई विक्रोळीत राहायची म्हणे, ही अफवा का?

अफवा कसली, चक्क खरं आहे. लिलियन कार्टर, पेशाने नर्स, 1966 ला वयाच्या 68 व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून इकडे आल्या आणि विक्रोळीत आधी कुटुंबनियोजनाचं आणि मग दवाखान्यात पेशंट बघायचं काम केलं. मुलगा तेव्हा जॉर्जियातला शेंगदाण्याचा शेतकरी आणि तिथला स्टेट सिनेटर, बाहेर कोणी ओळखतही नव्हतं. कार्टर स्वतः 2006 ला लोणावळ्याजवळ गरिबांची घरं बांधायला हातोडा घेऊन आले होते, वय तेव्हा 82.

प्रश्न (बीडहून): नोबेल नेमकं कशाबद्दल?

2002 ला, शांतता, लोकशाही, मानवी हक्क असल्या सगळ्या कामाबद्दल. पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम नारू हा रोग हटवायचं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना विचारा, पायातून दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढत बसायचे, विहिरीच्या पाण्यातून व्हायचा तो. 1986 ला जगात साधारण 35 लाख केसेस होत्या, 2023 ला फक्त 14. लस नाही की औषध नाही, नुसतं पाणी गाळून प्यायला शिकवलं आणि गावोगाव पाठपुरावा केला. भारत 2000 मध्येच नारूमुक्त जाहीर झाला, ते काम मात्र आपल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांचं.

प्रश्न (पालघरहून): मग भारताचे दोस्तच म्हणायचे?

थांबा. तारापूरच्या अणुवीज केंद्राला इंधन द्यायचं अमेरिकेनी 1963 च्या करारात कबूल केलेलं, पण 1974 च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर कुरकुर सुरू झाली, आणि 1978 चा कायदा आला की सगळ्या अणुभट्ट्या तपासणीला उघडा नाहीतर इंधन बंद. त्यावर सही कार्टरचीच. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत आले असताना माइक चालू आहे हे लक्षात न येता स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्यांना सांगून बसले, परत गेलो की पंतप्रधान मोरारजींना एक थंड आणि अगदी रोखठोक पत्र पाठवू. सगळ्या पत्रकारांनी ऐकलं! पण मोरारजीभाई असल्या पत्राला बधणारे होते थोडेच. शेवटी डिसेंबर 1979 ला अफगाणिस्तानात रशिया घुसल्यावर भारताला दुखवणं परवडेना, तेव्हा 1980 ला स्वतःच्याच अणु नियामकांचा विरोध बाजूला सारून कार्टरनी इंधन मंजूर केलं आणि सिनेटमध्ये ते 48-46 असं काठावर तरलं. दोन वर्षांनी आपण फ्रान्सकडून इंधन घ्यायचं ठरवून तो विषय मिटवला.