बिल्ट-इन ओव्हनवर एफ३ येतोय, खरंच पीसीबी बदलावा लागेल का?

थांबा, बोर्डाचे (पीसीबी म्हणजे ओव्हन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) पैसे भरू नका अजून. तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हॉबखाली बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन आहे, सहा वर्षं झालीत, चालू केला की बीप करून एफ३ दाखवतो, मेन बंद करून परत लावला की कधी चालतो कधी नाही, आणि बघायला आलेल्या माणसाने ओव्हन कॅबिनेटमधून बाहेरसुद्धा न काढता "पीसीबी गेला, साडेचौदा हजार" असं सांगितलं. मी हीच कामं करतो, ओव्हन, वॉशिंग मशीन, डिशवॉशर, आणि न उघडता बोर्ड गेला म्हणणारा माणूस बरोबर असूही शकतो पण त्याला ते कळलं कसं हे विचारायला हवं.

कोडचं कसं असतं, बोर्डाला जे "दिसतं" ते तो सांगतो. कुठला पार्ट मेलाय ते त्याला माहीत नसतं. तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडून येणारं रीडिंग अशक्य वाटलं की तो सेन्सरचा कोड टाकतो, मग सेन्सर खराब असो, मधली वायर तुटलेली असो, कनेक्टर ढिला असो नाहीतर बोर्डाचा स्वतःचा वाचणारा भाग गेलेला असो. चारही वेळा कोड एकच. आणि आकडा सगळ्या कंपन्यांचा एक नसतो, जीईच्या जुन्या ओव्हनवर एफ३ म्हणजे सेन्सर ओपन (सर्किट कुठेतरी तुटलेलं) आणि एफ२ म्हणजे ओव्हन प्रमाणाबाहेर तापला, तेच जास्त तापणं फ्रिजिडेअर एफ१० म्हणून दाखवतं आणि सेन्सर ओपनला एफ३०. म्हणून अमेरिकेतल्या कोणाचा व्हिडिओ बघून तुमच्या युरोपियन ओव्हनचा एफ३ लावायला जाऊ नका. दार उघडा, चौकटीच्या कडेला नाहीतर खाली एक पत्र्याची किंवा स्टिकरची पाटी असते, त्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या (बॉश-सीमेन्सवर तो ई-एनआर म्हणून लिहिलेला असतो) आणि त्या नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा कोडची यादी शोधा. पुढे जे लिहितोय ते एफ३ सेन्सरचा निघाला असं धरून, कारण तुमची लक्षणं तशीच आहेत.

त्याआधी मला कोडपेक्षा तो कधी येतो हे जास्त महत्त्वाचं वाटतं. सकाळी थंडगार ओव्हन लावल्या लावल्या येत असेल तर सेन्सरचं सर्किट तुटलेलं किंवा शॉर्ट आहे. वीस-पंचवीस मिनिटं भाजल्यावर येत असेल तर गरम झाल्यावर सुटणारा जॉइंट, बंद पडलेला कूलिंग फॅन नाहीतर बोर्डवरचं ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाग. फक्त पावसाळ्यात येत असेल तर ओल. तुमचा "कधी चालतो कधी नाही" हा प्रकार मला वायर-कनेक्टरकडे बोट दाखवतो, कारण मेलेला सेन्सर सहसा असा लहरीपणा करत नाही, तो गेला की गेला. महिन्याभरात कोणी सफाईसाठी किंवा ग्रॅनाइट बदलायला ओव्हन पुढे ओढला होता का ते आठवा. परत आत सारताना मागची वायर पत्र्याच्या कडेत चेमटते, हे फार वेळा बघितलंय.

तपासायचं असेल तर आधी एमसीबी (विजेच्या बोर्डातला ओव्हनचा स्विच) बंद करा, नुसतं ओव्हनचं बटण नाही, आणि प्लग असेल तर काढून ठेवा. दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंना स्क्रू असतात ते काढले की ओव्हन पुढे येतो, पण जड असतो, दोघं लागा, आणि खाली जुनी चादर टाका नाहीतर टाइल फुटेल. मागचा पत्रा उघडलात की सेन्सर ओळखता येतो, आतल्या पोकळीत पेन्सिलीपेक्षा बारीक स्टीलची नळी घुसलेली असते आणि तिच्यातून दोन बारीक वायरी निघून बोर्डाकडे जातात. त्यांचा कनेक्टर बोर्डावरून काढा आणि मल्टिमीटर ओहमवर लावून त्या दोन वायरींत मोजा. बऱ्याच ओव्हनमध्ये पीटी१००० नावाचा सेन्सर असतो, गरम झाला की त्याचं रीडिंग वाढतं, तो शून्य डिग्रीला १००० ओहम दाखवतो आणि पंचवीस-तीसला साधारण ११००. पीटी५०० असेल तर त्याच्या निम्मं, म्हणजे ५५० च्या आसपास. काही मॉडेलमध्ये एनटीसी असतो, तो किलो-ओहममध्ये असतो आणि गरम केला की रीडिंग वाढायच्या ऐवजी उतरतं, म्हणून घाबरू नका. मीटर ओपन दाखवत असेल तर परत एकदा थेट सेन्सरच्या टोकाशी मोजा, तिथे रीडिंग बरोबर आलं तर मधली वायर तुटलीय. आणि मोजत असतानाच वायर हलवा, कनेक्टर जरा पिळा, आकडा उड्या मारायला लागला की चोर सापडला.

रीडिंग ठीक आलं तरी बोर्डावर लगेच खापर फोडू नका, एक गंमत आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १.२ किलो-ओहमचा रेझिस्टर आणा, रुपया-दोन रुपयांचा. मेन बंद असताना सेन्सरच्या जागी तो कनेक्टरमध्ये नीट बसवा, मग लांब उभं राहून मेन चालू करा. पीटी१०००च्या बोर्डाला वाटेल ओव्हन पन्नास डिग्रीच्या थोडा वर आहे. कोड गेला तर बोर्ड वाचतोय, दोष सेन्सरचा नाहीतर वायरीचा. कोड तसाच राहिला तर मग हो, बोर्डच. पण हे डिसप्ले बघण्यापुरतंच करा, चुकूनही बेकिंग मोड चालू करून सोडू नका, कारण बोर्डाला शेवटपर्यंत पन्नासच डिग्री दिसणार आणि तो कॉइल (ओव्हन तापवणारी हीटर) तापवतच राहणार. आणि चालू असताना त्या वायरींना हात लावायचा नाही, बारीक वायर म्हणजे लो व्होल्टेज असं समजू नका, बऱ्याच बोर्डांत तो भाग मेनपासून वेगळा केलेला नसतो. हे वाचूनच धाकधूक वाटत असेल तर ही पायरी सोडा आणि माणसाकडून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

बोर्ड उघडलात तर नुसता डोळ्यांनी बघा. रिलेच्या (कॉइलची वीज चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) पायांपाशी सोल्डरभोवती गोल चीर, कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, कुठे काळा डाग. आणि झुरळं. हसू नका, आपल्याकडच्या ओव्हनमध्ये हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये नसलेलं कारण आहे, बोर्ड उबदार असतो, खाली ट्रॉलीत कांदे-बटाटे असतात, मग तिथेच त्यांचा संसार, आणि त्यांची घाण ओली झाली की दोन टर्मिनलमध्ये करंट जातो. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन साफ करा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. एवढ्यावर ओव्हन चालू झालेले मी बघितलेत.

कोड न येता ओव्हन घरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप करत असेल तर तो वेगळा विषय, तिथे बहुतेकदा कॉइलमध्ये ओल शिरलेली असते, महिनोन् महिने न वापरलेल्या ओव्हनचं पावसाळ्यात हमखास होतं. कॉइलचं रीडिंग सोपं आहे, २००० वॉटची कॉइल २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम दाखवते, आणि कॉइलचं टोक ते बॉडी यात मीटरने काहीच दाखवायला नको.

आणखी एक, तुमचा प्रश्न नाही पण विचारणारे खूप असतात. लाइट गेली-आली की घड्याळ लुकलुकतं आणि ओव्हन तापतच नाही, लोक कंप्लेंट नोंदवतात. तो बिघाड नाही, कित्येक युरोपियन मॉडेल वेळ सेट केल्याशिवाय किंवा हाताचं चित्र असलेलं मॅन्युअल बटण दाबल्याशिवाय चालूच होत नाहीत. तसंच किल्लीचं चित्र दिसत असेल तर चाइल्ड लॉक. दिवा लागतो, पंखा फिरतो, सगळं दिसतं पण गरमच होत नाही असा शोरूममधून उचललेला पीस असेल तर डेमो मोड बघा.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय ओव्हनच्या मागे प्लायवूड पूर्ण बंद आहे. ते मात्र बदलाच, काही निघो. इन्स्टॉलेशनच्या कागदात कॅबिनेटला मागे आणि खाली किती मोकळी जागा सोडायची ते दिलेलं असतं, सुतार ते वाचत नाही, आणि कूलिंग फॅन तीच गरम हवा परत परत ओढतो. नवा बोर्ड घातलात तरी त्याच भट्टीत बसणार.

त्या माणसाला परत बोलवा आणि सेन्सरचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला सांगा, मीटर नसेल तर त्याला चहा पाजून रवाना करा. आणि शेवटी बोर्डच निघाला, रिले चिकटून बसलाय किंवा वाचणारा भाग गेलाय, तरी नवा घ्यायच्या आधी एकदा बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास बोर्ड रिपेअर करणाऱ्याला दाखवा, रिले आणि कपॅसिटर हे सुटे मिळणारे पार्ट आहेत. प्रोसेसरच गेला असेल तर मात्र तोही हात टेकतो, मग नवाच. नवा बसवला तर जुना बोर्ड त्या माणसाकडून परत मागून घ्या, पैसे तुम्ही दिलेत, तो तुमचा आहे.