शाई फेकतात, काळं फासतात, भंडारा उधळतात

कराडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे : "पेपरात 'मंत्र्यांवर शाईफेक' असं छापून येतं. दगड फेकतात हे समजू शकतो, पण शाई पातळ. ती टाकतात, ओततात, फार तर शिंपडतात. मग शाईफेक हा शब्द चुकीचा नाही का? आणि शाईफेक म्हणजे तोंडाला काळं फासणंच ना?"

शब्द चुकीचा नाही. आणि शाईफेक म्हणजे काळं फासणंही नव्हे.

'फेक' शेवटी असलेले शब्द आठवा. भालाफेक, थाळीफेक, गोळाफेक, नाणेफेक, दगडफेक. या सगळ्या वस्तू मुठीत मावणाऱ्या किंवा हातात धरण्याजोग्या, त्यामुळे तुमची शंका रास्त वाटते. पण याच घरात धूळफेक आहे आणि चिखलफेकही आहे. धूळ मुठीत ठरत नाही, चिखल बोटांतून गळतो. तरी या दोन शब्दांबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. शाई चिखलापेक्षा जरा पातळ, एवढाच काय तो फरक. शिवाय आम्हा सांगलीकरांना संवादफेक कुणी समजावून सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच मराठी नाटक उभं केलं, आणि तालमीत 'शब्द शेवटच्या रांगेपर्यंत फेक' हे वाक्य आजही ऐकू येतं. तिथं तर फेकायला वस्तूच नाही. म्हणजे फेकण्यासाठी घट्टपणा लागत नाही, अंतर लागतं. जे काही आहे ते हातून सुटून पलीकडे जायला हवं.

फासण्यात हे अंतरच नसतं. फासायचं म्हटलं की समोरच्याच्या गालाला हात लावावा लागतो, त्याला धरावं लागतं, बहुधा दोघा-तिघांनी. गाढवावरून धिंड काढण्याच्या जुन्या शिक्षेतलं हे क्रियापद आहे, आणि चेहरा काळा झालेला चारचौघांना दिसावा हाच त्यातला हेतू. १२ ऑक्टोबर २०१५ ला मुंबईत लेखक-स्तंभकार सुधींद्र कुलकर्णी यांच्या तोंडाला शिवसैनिकांनी काळा रंग लावला, तेव्हा कुलकर्णी तो न धुता तसेच पत्रकारांसमोर जाऊन बसले. ज्या चेहऱ्यानं त्यांची लाज जायची तोच त्यांनी कॅमेऱ्यांना दाखवला. याला कुणी शाईफेक म्हटलं तर मी ते खोडीन.

उलट १० डिसेंबर २०२२ ला चिंचवडमध्ये मंत्री चंद्रकांत पाटलांच्या बाबतीत जे झालं ती शाईफेक. फुले, आंबेडकर आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शाळा काढताना भीक मागितली, असं त्यांचं पैठणमधलं विधान होतं. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचं मुख्य कार्यालय साताऱ्यात, तेव्हा आपल्या भागात ते विधान किती झोंबलं हे कराडकरांना मी सांगण्याची गरज नाही. त्यानंतर एका कार्यक्रमाला पाटील फेस शील्ड लावून आले. ते फेकीपासून वाचवतं, फासण्यापासून नाही. मंत्र्यांच्या माणसांनाही हा फरक कळला होता म्हणायचा.

चिखलफेकीची मात्र गंमत झाली आहे. तो शब्द आरोप-प्रत्यारोपांत इतका मुरला की खरा चिखल पडतो तेव्हा तो वापरता येत नाही. जुलै २०१९ मध्ये कणकवलीत आमदार नितेश राणे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी महामार्गाच्या उपअभियंत्याच्या अंगावर बादल्यांनी चिखल ओतला. (इथं टाकणारा पुढारी आणि भिजणारा सरकारी माणूस, सगळा उलटा मामला.) 'अभियंत्यावर चिखलफेक' असं छापलं असतं तर लोकांना वाटलं असतं, कुणीतरी भ्रष्टाचाराचे आरोप केले. म्हणून 'चिखलाची आंघोळ' असे मथळे द्यावे लागले.

आता भंडारा. ८ सप्टेंबर २०२३ ला सोलापुरात धनगर आरक्षणाचं निवेदन देताना एका कार्यकर्त्यानं मंत्री राधाकृष्ण विखे पाटलांच्या डोक्यावर भंडारा टाकला. हेतू निषेधाचाच होता, पण क्रियापद सगळीकडे 'उधळला'. भंडाराफेक म्हणायला मराठी जीभ वळत नाही. तुमच्याच तालुक्यात पालच्या खंडोबाच्या यात्रेला माणसं पिवळी होऊन परततात, तिथं भंडारा 'फेकला' असं म्हणून बघा, शेजारचा माणूस तुमच्याकडे वळून बघेल. उधळणं गुलालाला, अक्षतांना, भंडाऱ्याला. त्यात मान आहे. विखे पाटलांनाही भंडारा पवित्र असतो असंच म्हणावं लागलं. शाई पडलेल्या मंत्र्याला ही सोय नसते.

एक निरीक्षण जोडतो. '-फेक' लावून शब्द तयार होतो तो वारंवार घडणाऱ्या गोष्टीचा. सप्टेंबर २०१९ मध्ये आमच्या सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्री फडणवीसांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या. कडकनाथ पालनाच्या योजनेत शेतकऱ्यांचे पैसे बुडाले होते, त्याचा तो राग. पण 'कोंबडीफेक' काही रूढ झाला नाही. कोंबड्या 'फेकल्या' यावरच भागलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कुणी फेकल्या असत्या तर शब्दही आला असता.

बोलण्यात तर आपण यातलं काहीच वापरत नाही. २००८ च्या डिसेंबरात बगदादमध्ये मुंतजर अल-झैदी या पत्रकारानं अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांच्यावर पायातले दोन्ही बूट फेकले आणि दोन्ही चुकले. पेपरवाला लिहितो 'बुश यांच्या दिशेने बूट भिरकावले'. सातारा-सांगलीकडचा माणूस सांगेल, "पायताण फेकून हाणलं, पर लागलं न्हाई." 'दिशेने भिरकावले' यात पत्रकाराची सावधगिरी आहे, 'फेकून हाणलं' यात फेकणाऱ्याचा इरादा, आणि नेम साधला की नाही हे 'लागणं' वेगळं सांगतं. 'पायताणानं हाणलं' म्हटलं तर पायताण हातातच राहिलं. 'जोडे मारो आंदोलना'त बहुतेकदा असंच असतं : जोडा हातात, समोर पुढाऱ्याचा फोटो, आणि पुढारी स्वतः मुंबईत. 'शाईफेक झाली' या वाक्यात यातलं काहीही कळत नाही. कुणी केली, लागली की शर्टावर गेली, सगळं गुलदस्त्यात. मथळ्याला ते सोयीचं. बातमीत मात्र मी पूर्ण क्रियापद लिहीन.

लिहिताना शाईफेक एकत्र लिहा, 'शाई फेक' नको, ती आज्ञा होते. लिंग स्त्रीलिंगी, सामान्यरूप शाईफेकीचा, शाईफेकीनंतर. अंड्यांच्या बाबतीत नाणेफेकीच्या चालीवर 'अंडेफेक' व्हायला हवं होतं, पण लोक 'अंडीफेक' म्हणतात. नाणं एकच उडवतात, अंडी कुणी एकच घेऊन जात नाही, तेव्हा अनेकवचन मला पटतं. चप्पलफेकीत मात्र चपला कितीही पडल्या तरी शब्दात एकच राहते, आणि 'चपलाफेक' कुणी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.