केमो चालू असलेली मैत्रीण "कसकस आहे" लिहून गप्प झाली तर

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आठ जणांचा गट, प्रत्यक्षात कोणी कोणाला भेटलेलं नाही. एकीची केमो चालू आहे, एकाची नोकरी गेली आहे, तुम्ही स्वतः अंथरुणाला खिळलेल्या आईचं करताय. केमोवाली मैत्रीण काल रात्री "जरा कसकस आहे, पडते" एवढं लिहून गेली, सगळ्यांनी लाल बदामाची चिन्हं पाठवली आणि त्यानंतर तिचा काही निरोप नाही. तुमचा प्रश्न असा की फोन करावा की तिला त्रास होईल?

फोन करा. आधी फोन, मग हे पुढचं वाचा. तिने उचलला तर एवढंच विचारा की थर्मामीटर लावलास का आणि आकडा किती आला. 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर असेल तर तिने केमो देणाऱ्यांच्या तातडीच्या नंबरवर लगेच फोन करायचा, तिथे कोणी उचललं नाही तर सरळ इमर्जन्सीत जायचं. आकडा कमी आहे पण हुडहुडी भरतेय, तरीही तेच. आणि त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत तापाची गोळी घ्यायची नाही. मी डॉक्टर नाही, तिच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं. पण ही गोळीची गोष्ट मी शिकले ती माझ्याच हातून झालेल्या चुकीतून, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

आमचा गट रात्री जागणाऱ्यांचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करणारे आम्ही नऊ जण. रात्री तीन वाजता चादर बदलून झाली की झोप उडालेली असते, त्या वेळी बोलायला जागं असायचो ते आम्हीच एकमेकांना. त्यात एकीला सगळे पिंगळा म्हणायचे, कारण ती कधीच झोपलेली नसायची. तिच्या वडिलांना पार्किन्सन्स होता. माझ्या सासूबाईंच्या माकडहाडापाशी पहिल्यांदा लाल चट्टा दिसला, तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची हे मला तिने सांगितलं, आणि पुढचे तीन दिवस दर दोन तासांनी गटात नुसतं "कूस" असं लिहून पाठवलं. अशी बाई. (तुमच्या आईसाठीही हे सांगून ठेवते. चट्टा बोटाने दाबला आणि तो पांढरा न होता लालच राहिला, तर नर्सला किंवा डॉक्टरला त्याच दिवशी दाखवा.)

मग तिलाच लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग निघाला. दर 21 दिवसांनी केमो. गटात आम्ही सगळं केलं, म्हणजे सगळं केलं असं आम्हाला वाटत होतं. रोज विचारपूस, गाणी, जुने फोटो, लोकरीची टोपीसुद्धा कुरिअरने गेली.

दुसऱ्या सायकलचा दहावा दिवस. रात्री अकरा चाळीसला तिचा मेसेज आला: "जरा कणकण आहे. अंग मोडून आलंय." मी जागी होते. मी लिहिलं, "एक पॅरासिटामॉल घे, पांघरूण घेऊन स्वस्थ झोप, सकाळी बोलू." तिने अंगठा दाखवला. इतरांनी बदाम टाकले, दोघांनी हात जोडले. एकाने "काळजी घे गं" लिहिलं. मी फोन उशाशी ठेवला आणि त्या रात्री मला चांगली झोप लागली, कारण आपण काहीतरी उपयोगाचं सांगितलं असं वाटत होतं.

हा सल्ला वाईट का, ते नीट सांगते. केमो झाल्यावर साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. लढायला पेशीच नसतात, त्यामुळे एरवी दिसणारी लाली, सूज, पू यातलं फारसं काही दिसत नाही. बऱ्याचदा ताप ही एकच खूण उरते. गोळी तेवढी ती खूण पुसते. थर्मामीटरचा आकडा खाली येतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. पिंगळाने गोळी घेतली, तासाभराने ताप पाहिला, 99 भरला. तिला वाटलं, उतरला. पहाटे चार वाजता तिला दात वाजण्याइतकी हुडहुडी भरली, तेव्हा तिने भावाला उठवलं. सहा दिवस आयसीयूत होती.

हे सगळं आम्हाला फार नंतर कळलं. सकाळी मी "कशी आहेस?" विचारलं तर मेसेजखाली एकच करडी खूण. दहा वाजले, बारा वाजले, दुसरी खूण येईना. फोन लावला तर बंद. तेव्हा कुठे लक्षात आलं की ज्या बाईशी चार वर्षं रोज बोललो, जिच्या वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा आम्हाला पाठ होत्या, तिचं पूर्ण नाव आमच्यातल्या एकालाही माहीत नाही. माझे हातपाय गळाले. ती कुठल्या रुग्णालयात केमो घेते हे तिने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, म्हणून तिथे फोन केला. पलीकडून विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "तुम्ही नात्यातल्या का?" नाही. फोन ठेवला गेला.

शेवटी नाव सापडलं ते टोपी पाठवणाऱ्याकडे. त्या माणसाने कुरिअरची पावती जपून ठेवली होती, नाव-पत्त्यासकट. दीड तास गाडी चालवून तो तिच्या दारात गेला आणि शेजाऱ्यांकडून कळलं. मी पुन्हा त्या रुग्णालयाला फोन लावला, आता पूर्ण नावानिशी. म्हटलं, मला तिच्या तब्येतीबद्दल काही सांगू नका, नियम मला मान्य आहे, फक्त माझा नंबर तिच्या भावापर्यंत पोचवा. तेही नाही. "आम्ही निरोप घेत नाही." तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वेगळं माणूस आणि तिन्ही वेळा हेच. पेशंटची माहिती परक्याला देऊ नये हे अगदी बरोबर आहे, माझा राग त्या नियमावर नाहीच. पण बाहेरून आत एक नंबर पोचवायला कुठला नियम आडवा येतो? ती शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी विचारलं म्हणे की गटाला कोणी कळवलं का. आणि इकडे आमचा जीव टांगणीला लागलेला. ते तीन फोन आठवले की आजही माझा आवाज चढतो.

असो. तुमच्या उपयोगाचं सांगते.

तुमच्या मैत्रिणीला बरं वाटलं की तिला म्हणा, एक कागद कर. पूर्ण नाव, रुग्णालयाच्या फाइलवर आहे तसंच. रुग्णालय, डॉक्टर, फाइल नंबर, केमोवाल्यांचा रात्रीचा नंबर, घरचा पत्ता, जवळच्या दोन माणसांचे फोन. हा कागद गटात टाकायचा नाही, तिने निवडलेल्या दोघांकडेच ठेवायचा. आणि "आपली माहिती या या व्यक्तीला द्यावी" असं पेशंट स्वतः लिहून देऊ शकते का, हे तिने रुग्णालयात विचारावं. बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते. कोणी आपण होऊन सांगत नाही, मागावी लागते. तिच्या घरच्यांनाही तुमच्यापैकी एकाचं नाव आणि नंबर माहीत असू द्या. नाहीतर घरच्यांच्या लेखी तुम्ही म्हणजे "ती मोबाइलवरची माणसं".

आता बदामांबद्दल. मला ते वाईट वाटत नाहीत, पिंगळा म्हणते की वॉर्डात ते मोजत पडायला बरं वाटायचं. पण ते बदाम आपल्याला फसवतात. सात बदाम दिसले की आठव्याला वाटतं, कोणीतरी बघतंय. 1968 साली जॉन डार्ली आणि बिब लॅटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. मी तो त्या घटनेनंतर वाचला आणि तोंडात मारल्यासारखं झालं. प्रत्येकाला वेगवेगळ्या खोलीत बसवलं, एकमेकांचे फक्त आवाज ऐकू येत होते. त्यातल्या एका आवाजाला बोलता बोलता फीट आली. (खरं तर ते आवाज आधीच रेकॉर्ड केलेले होते, पण ऐकणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के लोक आवाज थांबायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त 31 टक्के. न उठलेले निर्दय नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. वेगळ्या खोल्या, नुसते आवाज, कोण काय करतंय ते कोणालाच दिसत नाही. आपले गट याहून वेगळे आहेत का?

म्हणून आमच्याकडे आता पाळी लावलेली असते. आज कोणाची पाळी ते नावानिशी ठरलेलं. ज्याची पाळी त्याने सकाळी फोन करायचा, मेसेज नाही. आणि "त्रास" किंवा "ताप" असा शब्द गटात दिसला तर रात्री कितीही वाजले असोत, त्यानेच तिला फोन लावायचा. बाकीच्यांनी हवे तेवढे बदाम पाठवावेत. आमच्यातल्या एकाला हे फार कोरडं वाटलं होतं, मैत्रीत कसली ड्यूटी म्हणून. मला मात्र यात जास्त माया दिसते. हे माझं मत आहे, तुमच्या गटाला पटेलच असं नाही.

दुसरं मत, जरा कडक. गटात औषध सुचवायचं नाही, अगदी तापाची गोळीसुद्धा नाही. "माझ्या भावाला याने फरक पडला" हे वाक्य आम्ही बंद केलंय. आणि पेशंटला "पॉझिटिव्ह राहा, मन खंबीर असलं की आजार पळतो" असंही म्हणू नका. डेव्हिड स्पीगल यांचा 1989 सालचा एक गाजलेला अभ्यास होता, 86 स्त्रियांचा. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात आधारगटात येणाऱ्या बायका जास्त जगल्या असं त्यात दिसलं आणि ती गोष्ट सगळीकडे पसरली. पुढे 2001 साली 235 स्त्रियांवर तसाच अभ्यास झाला, त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण गटातल्या ज्या बायका आधी फार खचलेल्या किंवा वेदनेत होत्या, त्यांना मात्र आराम पडला. मला हे दुसरं जास्त धीर देणारं वाटतं. आपण कोणाला वाचवू शकत नसू, पण त्या दिवसाचं दुखणं थोडं हलकं करता येतं. आणि रिपोर्ट वाईट आला तर "मी खंबीर राहिले नाही" असा दोष तरी तिच्या माथी येत नाही.

तिला रोज मेसेज करताना शेवटी "उत्तर देऊ नकोस" असं लिहीत जा. केमोच्या आठवड्यात सात जणांना "बरी आहे" लिहिणं हेही एक काम होतं. "काही लागलं तर सांग" याचा उपयोग शून्य, तिने काय सांगायचं? त्यापेक्षा "मंगळवारी चार वाजता मी तुझ्या विम्याचे कागद फोनवर तुझ्याबरोबर भरते, चालेल?" असं विचारा. तिला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं.

नोकरी गेलेल्या मित्राबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "तोही हल्ली फारसा बोलत नाही". बोलणार नाहीच. केमोच्या शेजारी आपलं रडगाणं काय गायचं, असं त्याला वाटत असणार. आमच्यात हे झालं होतं आणि तो माणूस सहा महिने एकटाच झुरत बसला. त्याला गटात विचारू नका, कोणीतरी एकाने वेगळा फोन करा. अर्ज वाचून द्यायला, मुलाखतीची तालीम करायला एक माणूस आणि एक ठरलेला वार एवढं पुरतं.

आणि तुम्ही. पोस्टमध्ये स्वतःच्या थकव्याबद्दल लिहून पुढे लगेच "पण तिच्यापुढे माझं काहीच नाही" असं म्हणालात. सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी 2013 साली एक सोपी कल्पना मांडली होती. मधोमध आजारी माणूस, त्याच्याभोवती जवळच्यांचं वर्तुळ, मग मित्रांचं, मग लांबच्यांचं. आतल्या बाजूला फक्त आधार द्यायचा, आपलं रडणं बाहेरच्या बाजूला. म्हणजे तुम्ही रडायचंच आहे, फक्त केमोवाल्या मैत्रिणीच्या आजारपणाचं रडणं तिच्यापाशी नको. आणि हे विसरू नका की तुमच्या आईच्या बाबतीत मधल्या वर्तुळाला चिकटून तुम्ही उभ्या आहात. तिथे आधार तुमच्याकडे यायला हवा. आम्ही दोघीतिघींनी त्यासाठी वेगळी खिडकी उघडली आहे. तिथे कोणी शहाणपण शिकवत नाही, फक्त ऐकतात.

पिंगळा आता बरी आहे, तपासणीला जाते. तिने मला त्या गोळीबद्दल एकदाही बोल लावला नाही. मीच एकदा विषय काढला तेव्हा म्हणाली, "तू एकटीने काहीतरी करायला सांगितलं तरी होतंस." मला ते अजून पचलेलं नाही.

पुन्हा सांगते, अजून फोन केला नसेल तर आता करा. तिने उचलला नाही तर घरच्यांपैकी कोणाचा नंबर गटात कोणाकडे आहे का विचारा. कोणाकडेच नसेल तर तिला कधी काही कुरिअरने पाठवलं असेल त्याची पावती शोधा. मी रात्री उशिरापर्यंत जागीच असते. थर्मामीटरचा आकडा कळला की इथे लिहा.