‘बघते’ म्हटलं की समोरच्याला ‘हो’ ऐकू येतं

‘कुणाला नाही म्हणताच येत नाही, मग आतल्या आत धुमसत राहते. भिडस्त स्वभाव बदलतो का?’ हा प्रश्न नेहमी येतो. बदलतो, पण सरावाने.

बँकेत नोकरी करणाऱ्या चाळिशीतल्या एका बाईंचं उदाहरण घेऊ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पहिला आठवडा त्यांनी फक्त वहीत नोंद केली: कोणी काय मागितलं, मी काय म्हणाले, मनात काय होतं. अकरा मागण्यांपैकी नऊ वेळा उत्तर एकच होतं, ‘बघते’. हा त्यांच्या दृष्टीने नकार होता. समोरचा मात्र निर्धास्त व्हायचा.

मुळाशी होता एक ‘च’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत यावरच बोट ठेवलं जातं. लोकांनी मला चांगलं म्हणावं, ही इच्छा झाली. म्हटलं‘च’ पाहिजे, हा हट्ट. ‘नणंद रागावेल’ हे खरं असू शकतं. ‘ते मला सहनच होणार नाही’ हे तपासून बघायला हवं.

मग भीतीला ० ते १०० गुण दिले. भाजीवाल्याला ‘हे टोमॅटो नकोत, दुसरे द्या’ म्हणणं २०, सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब ठेवायला नाही म्हणणं ४५, सहकाऱ्याचं काम परत करणं ६०, नणंदेला नाही म्हणणं ९०. सुरुवात विसापासून, आठवड्यातून दोन-तीनदा. एकदम नव्वदला हात घातला की माणूस पोळतो आणि सराव सोडून देतो.

सहकाऱ्याला त्या म्हणाल्या, ‘रविवारी मुलाची परीक्षा आहे हो.’ तो म्हणाला, ‘मग सोमवारी करा.’ बहुतेकांचा नकार इथेच कोसळतो. प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोडगा असतो. म्हणून वाक्य लहान ठेवायचं: ‘या महिन्यात मला जमणार नाही.’ आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा. समुपदेशनाच्या सत्रात तालीम करताना दिसलं की त्या नकार देताना हसत होत्या आणि पुढच्या शांततेत घाईने ‘पण बघते हं’ जोडत होत्या. ती पाच-सहा सेकंदांची शांतता सोसणं, हाच खरा व्यायाम.

चौथ्या आठवड्यात घसरण झाली. नणंदेशी बोलताना सहा वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. दडपलेला नकार असाच फुटतो; पण तो आक्रमकपणा, ठामपणा नव्हे. ओरडल्याबद्दल माफी मागायची, नकाराबद्दल नाही.

अपराधी वाटणारच. ती लाट आपोआप ओसरते, म्हणून नियम ठरला: दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फोन करून नकार मागे घ्यायचा नाही. जवळची माणसं सुरुवातीला जास्तच ताणून धरतात, ‘हल्ली फार बदललीस’ म्हणतात. हेही आधीच सांगून ठेवावं लागतं. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र हा सराव तिथे करू नये. आधी सुरक्षिततेची सोय.

मे महिन्यात नणंदेने मुलं महिनाभर ठेवायला विचारलं. ‘ताई, आठ दिवस राहू देत. महिनाभर मला जमणार नाही.’ पलीकडून फोन ठेवला गेला. बाईंनी वहीत लिहिलं: आधी ९०, बोलताना ७०, रात्री झोपताना ४०. दहा दिवसांनी ताईंचा फोन आला, लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण विचारायला.