वाचक विचारतात: लीडरशिपच्या तासाला मुली गप्प का बसतात?

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात एमबीएला शिकवतो. या सेमिस्टरला 'जेंडर आणि लीडरशिप' हा भाग माझ्याकडे आलाय, केस स्टडी, म्हणजे खऱ्या घटना वर्गापुढे मांडून, शिकवा असं सांगितलंय. दोन लेक्चर घेतली, यशस्वी महिलांच्या स्लाइड दाखवल्या, मागच्या बाकावरची पोरं हसत होती, मुली खाली बघत होत्या आणि एक जण तर सरळ म्हणाला, सर हे त मुलींसाठी आहे, आम्ही काहून बसायचं? मी पुरुष असून हे शिकवतोय याचंही दडपण येतं. कोणत्या केसेस घेऊ आणि कशा?
एक प्राध्यापक, नागपूर

उत्तर: सर, तो मुलगा बरोबर बोलला. तुम्ही जे दाखवलं ते त्याच्यासाठी नव्हतंच, आणि खरं सांगू का, मुलींसाठीही नव्हतं. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं, इंद्रा नूयी २००६ मध्ये पेप्सिकोच्या सीईओ झाल्या, त्यांचा फोटो, मग बायोकॉनच्या किरण मजुमदार-शॉ, मग टाळ्या, आणि एकदा उमरेडहून रोज बसने येणारी एक मुलगी तास संपल्यावर येऊन म्हणाली, मॅडम मला एवढं मोठं नाही व्हायचं, आमच्या ग्रुपमध्ये कुणी माझं ऐकून घेतलं तरी पुरे. त्या दिवशी मी त्या स्लाइड काढून टाकल्या.

आता मी केस निवडताना एकच बघते, त्या बाईबद्दल निर्णय कोण घेतंय. आणि वर्गाला त्या माणसाच्या खुर्चीत बसवते, कारण ही पोरंपोरी चार-पाच वर्षांत कुणाचं ना कुणाचं अप्रेझल, म्हणजे कामाचं मूल्यमापन, लिहिणारच आहेत, मग 'आम्ही काहून बसायचं' हा प्रश्नच राहत नाही.

सुरुवात अ‍ॅन हॉपकिन्सपासून करा. १९८२ मध्ये प्राइस वॉटरहाउस या अमेरिकेतल्या मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये पार्टनर, म्हणजे फर्मचे भागीदार, करण्यासाठी ८८ नावं आली, त्यात बाई ही एकटी. सरकारी खात्याचं सुमारे अडीच कोटी डॉलरचं काम फर्मला मिळवून देण्यात तिचा मोठा वाटा होता. पण ती हाताखालच्या लोकांशी फार कडक वागते असंही शेऱ्यांमध्ये होतं, आणि ते लिहिणाऱ्यांत तिच्या बाजूचे लोकही होते. इथेच थांबा, पुढचं सांगू नका. प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहू द्या, पार्टनर करायचं, लांबणीवर टाकायचं की नाही म्हणायचं, आणि कारण एका ओळीत. मग सांगा की तिचं नाव लांबणीवर टाकलं आणि वर सल्ला दिला की जरा बाईसारखं चाला, बाईसारखं बोला, मेकअप करा, केस नीट सेट करा, दागिने घाला. ती कोर्टात गेली, आणि १९८९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की बाईने कसं असावं याच्या ठरीव कल्पना लावून बढती अडवणं हा भेदभावच आहे. मला ही केस आवडते कारण ती स्वच्छ नाही, हॉपकिन्सच्या वागण्यात खरंच दोष असू शकतात आणि तरीही तिच्यावर अन्याय झालेला असू शकतो, हे दोन्ही एकदम डोक्यात धरणं पोरांना जड जातं, तासातला सगळ्यात चांगला वाद तिथेच होतो.

दुसरी हायडी रोइझनची. सिलिकॉन व्हॅलीतली उद्योजक आणि नंतर गुंतवणूकदार, ओळखी जोडण्यात पटाईत. तिच्यावर हार्वर्डमध्ये केस लिहिली गेली, आणि कोलंबिया युनिव्हर्सिटीत प्राध्यापक फ्रँक फ्लिन यांनी तीच केस अर्ध्या वर्गाला 'हॉवर्ड' असं पुरुषाचं नाव घालून दिली. दोघंही सारखेच कर्तबगार असं विद्यार्थ्यांचं मत पडलं, पण हॉवर्ड आवडला आणि हायडी स्वार्थी वाटली. हे तुम्हाला फोटोकॉपीच्या खर्चात करता येतं. फक्त आधी सांगू नका. फरक आला तर दाखवा, नाही आला तर तेही मोकळेपणाने सांगा, आकडे ओढूनताणून जमवले की पोरांना लगेच कळतं.

याला जोडून फळ्यावर दोन कॉलम करा आणि मराठीतच विचारा, कडक साहेबाला आपण काय म्हणतो, कडक मॅडमला काय म्हणतो. साहेब शिस्तीचा, खमका, धडाडीचा. मॅडम खाष्ट, कजाग, शिष्ट. 'खमकी' हा चांगला शब्द बाईसाठीही आहे, तो कुणीतरी काढेलच, काढू द्या. मग विचारा, पुरुषाला कधी कुणी कजाग म्हटलेलं ऐकलंय का. माझ्या वर्गात इथे पाच मिनिटं कुणी बोललं नव्हतं, आणि त्यानंतर मुली जे बोलायला लागल्या ते तास संपला तरी थांबेनात.

"हे त अमेरिकेचं आहे" असं कुणीतरी म्हणणार. म्हणून बंगाल घ्या. तिथे सरपंचपदाचं महिला आरक्षण फिरतं असल्याने कोणत्या गावाला बाई मिळाली हा नशिबाचा भाग होता, त्यामुळे तुलना करणं सोपं गेलं. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात रेकॉर्ड करून गावकऱ्यांना ऐकवलं. जिथे आधी कधी महिला सरपंच नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी मार्क दिले, जिथे होऊन गेली होती तिथे हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. गंमत म्हणजे पुढारी पुरुषच हवा ही आवड मात्र तशीच राहिली. आवड तशीच आणि मत बदललेलं, यावर वर्गाला विचारा की मग दोन टर्मनंतर तिथे खुल्या जागेवरून जास्त बाया निवडून कशा आल्या, कारण त्या आल्या. महाराष्ट्रात पंचायतीत ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, तुमच्या निम्म्या वर्गाच्या गावात बाई सरपंच होऊन गेलेली असेल. सरपंचपतीचे किस्से निघतील, हसू द्या, मग विचारा की सही कुणाची होती आणि निधी कशावर गेला, घरी फोन करून विचारून या म्हणा.

पोरांना सगळ्यात जास्त भिडते ती लष्कराची केस. १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने महिला अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन (निवृत्तीपर्यंतची नोकरी) आणि कमांडची (तुकडीचं नेतृत्व करायची) पदं नाकारता येणार नाहीत असा निकाल दिला. सरकारच्या बाजूने एक मुद्दा असा मांडला होता की जवान बहुतेक खेड्यातले, बाईचा हुकूम मानायची त्यांची मानसिक तयारी नाही. हा मुद्दा नुसता वाचून दाखवा. भंडाऱ्याचा एक मुलगा, भाऊ फौजेत, उभा राहून म्हणाला होता, मॅडम हे त माझ्या भावालेच अडाणी म्हणून राहिले. तेव्हापासून मागचा बाक हसला नाही.

आणि नागपूरची केस सोडू नका. डिसेंबर १९३७ मध्ये इथे अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन झालं, मोठमोठ्या सुधारक बाया जमल्या, आणि जाईबाई चौधरींना जेवायला वेगळं बसवलं गेलं. कोण जाईबाई, तर नागपूर-कामठी डोक्यावर ओझी वाहून शिकलेल्या आणि मुलींसाठी शाळा काढलेल्या. दलित बायकांनी याचा जाहीर निषेध केला. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरातच दलित महिलांची परिषद भरली, बाबासाहेब आले होते, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि ठरावांमध्ये एक असा होता की ज्या गिरण्यांत बाया काम करतात तिथे सुपरवायझर बाई नेमा. एम्प्रेस मिलसारखी कापड गिरणी असलेल्या शहरात, ऐंशी वर्षांपूर्वी! 'महिला' म्हटलं की सगळ्या एकाच पंगतीत बसतात असं नाही, हे पोरांना यापेक्षा नीट मी दुसऱ्या कशातून शिकवू शकले नाही.

तुम्ही पुरुष आहात याचं दडपण घेऊ नका, फक्त एक सांभाळा, 'मुलींनो, तुम्हाला काय वाटतं' असं विचारू नका. एकट्या मुलीला सगळ्या बायांच्या वतीने उत्तर द्यायला लावलं की ती गप्पच बसते. आधी चिठ्ठ्या, मग चर्चा.

प्रश्न: मॅडम, प्रत्येक प्रोजेक्टमध्ये रिपोर्ट मी टाइप करते, प्रेझेंटेशन मुलंच देतात. भांडण न करता काय करू?
एक विद्यार्थिनी, कामठी

उत्तर: अगं, काम वाटून झाल्यावर बोलू नकोस, वाटायच्या आधी बोल. ग्रुप जमला की पहिल्यांदा तूच म्हण, यावेळी प्रेझेंटेशनमधला आकड्यांचा भाग माझा, टाइपिंग सगळे आळीपाळीने करू. नाही म्हणाले तर कारण विचार आणि शांत बस, उत्तर त्यांना देऊ दे. शिवाय तुझ्या सरांना भेटून एवढंच माग की प्रेझेंटेशननंतरचे प्रश्न ते कुणालाही विचारतील आणि मार्क ज्याचे त्याला देतील. आमच्याकडे एका सरांनी हे सुरू केलं, दुसऱ्याच आठवड्यात पोरं रिपोर्ट वाचायला मागत होती.